मंडळाची वही मिटू देऊ नका : फियाट-पद्मिनी जपणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील जुन्या फियाट व प्रीमिअर पद्मिनी गाड्यांचे मालक, त्यांच्या व्हॉट्सॲप समूहांचे चालक आणि एकेकाळी वाहनप्रेमी मंडळे चालवलेले ज्येष्ठ सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आपल्या एका समूहावर साताऱ्याच्या एका तरुणाने प्रश्न विचारला होता. आजोबांची १९८४ सालची पद्मिनी त्याने चार महिने खपून चालू केली होती, परंतु दहा-बारा किलोमीटर गेल्यावर पेट्रोल पंपाच्या खालून थेंब पडू लागत आणि गाडीत वास भरे. सोबत जोडलेले छायाचित्र त्याने फार काळजीपूर्वक काढले होते. पंपाचे दोन भाग जिथे स्क्रूंनी आवळलेले असतात ती कड कोरडी दिसत होती आणि ओल होती ती तिच्याखालच्या बारीक भोकाशी. ज्याने आयुष्यात एकदा जरी हा पंप उघडला आहे, त्याला एवढ्यावरून उत्तर सांगता आले असते. कडेला ओल असेल तर स्क्रू सैल झालेले असतात. भोकातून गळत असेल तर आतला डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ओढणारा लवचीक पडदा, फाटलेला असतो, आणि मग गाडी तशीच दामटू नये, कारण तेच पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्येही उतरते. दुपारपर्यंत त्या प्रश्नाखाली दोन वाढदिवसांच्या शुभेच्छा, लग्नासाठी फुलांनी सजवलेल्या एका गाडीची छायाचित्रे आणि विक्रीची एक जाहिरात येऊन पडली व प्रश्न वर सरकून गेला. दोन दिवसांनी त्याने पुन्हा विचारले. तिसऱ्या दिवशी त्याने कळवले की, गॅरेजवाल्यांच्या सल्ल्याने मूळ पंप काढून टाकला आहे आणि विजेवर चालणारा पंप बसवला आहे.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मला अस्वस्थ केले ते याने, की त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे तीन वेळा दिले गेले होते. १९९१ साली ते आमच्या मंडळाच्या वहीत हाताने लिहिले गेले. २००७ साली इंटरनेटवरच्या एका चर्चामंचावर सहा छायाचित्रांसह सविस्तर लिहिले गेले. आणि तीन वर्षांपूर्वी याच समूहावर एका ज्येष्ठ सदस्यांनी चार मिनिटे बोलून ते सांगितले होते. ते सदस्य आता हयात नाहीत. तिन्ही उत्तरे बरोबर होती आणि त्यांतले एकही त्या मुलापर्यंत पोहोचले नाही.

ही वही काय होती, ते आपल्यातील ज्येष्ठांना ठाऊक आहे, पण नव्यांसाठी सांगते. पुण्यात आमचे जे छोटे मंडळ होते, ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता जमत असे. पंधरा-वीस फियाट, त्यांत दोन-तीन जुन्या ‘डुक्कर’ फियाट, बाकी डिलाइट आणि पद्मिनी; बॉनेट उघडून ओळीने उभ्या. वर्गणी नाममात्र होती, पद कोणालाच नको असे, आणि चहा जवळच्या अमृततुल्यातून येई. माझे वडील मंडळाची वही सांभाळत. दुकानात हिशेबाला वापरतात तशी लाल कापडी बांधणीची ती लांब वही आमच्या डिकीत, स्टेपनीच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत असे. ज्याच्या गाडीत बिघाड झाला असेल त्याने दुरुस्तीनंतर तीत लिहायचे: गाडीचे साल, तक्रार काय होती, आधी काय वाटले, शेवटी काय निघाले, कोणी केले, किती खर्च आला. शाईचे पेन मी धरून उभी असे, कारण बहुतेकांचे हात ग्रीसचे असत.

त्या वहीतील एक नोंद मला तोंडपाठ आहे. मे महिन्यात मुंबईहून येताना बोरघाटात एका सदस्यांची गाडी बंद पडली. पंपातच पेट्रोलची वाफ झाली होती. त्यांनी लिहिले आहे की पंपावर ओले फडके गुंडाळले, वीस मिनिटे थांबलो आणि गाडी चालू झाली. त्याखाली निळ्या शाईत दुसऱ्याचे अक्षर आहे: फडके वाळले की पुन्हा तेच होते, पाण्याची बाटली हाताशी ठेवावी. त्याखाली, चार वर्षांनंतरच्या तारखेने, तिसऱ्याचे अक्षर: पेट्रोलची नळी इंजिनाच्या अंगाला टेकत होती, ती क्लॅम्पने दूर बांधली, त्यानंतर दोन उन्हाळ्यांत त्रास नाही. एका पानावर तीन माणसे आणि चार वर्षे. पहिल्याचे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. दुसऱ्याने ते तपासले आणि तिसऱ्याने मूळ कारण शोधले. ज्याला पुढे कधी बोरघाट चढायचा होता, त्याला हे सारे एका पानावर वाचायला मिळाले.

मंडळे या गाडीभोवतीच का जमली, याला कारण गाडीच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या गाड्या निघू लागल्या. १९६४ पासून ११०० डिलाइट, मग प्रीमिअर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव. नाव बदलले तरी आतील यंत्रणा पुष्कळशी तीच राहिली: १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाट्यांची स्प्रिंग. मुळात ही गाडी इटलीत १९५३ साली आली आणि आपल्याकडे तिचे उत्पादन जवळजवळ विसावे शतक संपेपर्यंत चालले. इतका दीर्घ काळ एकच यंत्र रस्त्यावर राहिले, म्हणून १९६८ च्या गाडीच्या मालकाने शोधलेली युक्ती १९९० च्या गाडीच्या मालकाला उपयोगी पडे. शिवाय ती घरी उघडता येण्याजोगी गाडी होती. पान्ह्यांचा एक संच, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्यावर इंजिनातील ठिणगीची वेळ सांभाळणारे पॉइंट साफ करून बसवणे आठवीतल्या मुलीलाही जमे. मला जमत होते. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या त्या पिढीला ती टिकवण्याशिवाय पर्यायही नव्हता. हौस आणि गरज अशी एका ठिकाणी आली की माणसे आपोआप एकमेकांना धरून राहतात.

पुढे मंडळे विरळ झाली. रविवारी सकाळी येणारी माणसे थकली, मुले परगावी गेली, नव्या गाड्यांची बॉनेट उघडून घरी करण्यासारखे काही उरले नाही. मात्र त्याच सुमारास इंटरनेटवरचे चर्चामंच आले, आणि मला आजही वाटते की आमच्या वहीचे ते खरे वारस होते. एका बिघाडाला एक धागा, त्याखाली क्रमाने उत्तरे, चुकीच्या उत्तराखाली दुरुस्ती, आणि सहा वर्षांनी येणाऱ्यालाही शब्द टाकून शोधता येईल अशी सोय. नाशिकमधील वडिलांच्या गाडीसाठी अमेरिकेतून किंवा दुबईतून विचारणारी मराठी मुले तिथे भेटत; इटली आणि इंग्लंडमधील फियाटप्रेमी आपल्या गाडीचे मूळ कागद तपासून उत्तर देत. हे मंच चालवणारे लोक दिवसभर नोकरी करून रात्री पदरच्या वेळात विषय लावून ठेवत, एकच प्रश्न दोनदा आला तर जुन्या धाग्याकडे पाठवत, भांडणे आवरत आणि सर्व्हरचे पैसेही पुष्कळदा स्वतःच भरत. त्यांचे आपण पुरेसे आभार मानले नाहीत.

ते सारे एका रात्रीत गेले नाही. एकेक खांब निखळत गेला. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद झाले आणि तिथल्या वाहनप्रेमींच्या गप्पा थांबल्या. २०१७ च्या जूनअखेरीस फोटोबकेट या सेवेने दुसऱ्या संकेतस्थळांवर छायाचित्रे दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागायला सुरुवात केली आणि जगभरच्या मंचांवरील दुरुस्तीच्या छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. पंपाविषयीचा जो २००७ चा धागा मी वर सांगितला, त्याचेही असेच झाले. ‘खालील छायाचित्रात बाणाने दाखवलेला स्क्रू आधी सैल करा’ हे वाक्य तिथे उरले आहे. छायाचित्र नाही आणि बाणही नाही. याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर २०१९ च्या डिसेंबरात काढून टाकण्यात आला आणि वर्षभराने ती सेवाच संपली. जे मंच तगले, त्यांच्यावरील वर्दळ फेसबुकने आणि मग व्हॉट्सॲपने ओढून नेली. माणसे जिथे आधीच बसलेली असतात तिथेच प्रश्न विचारतात, त्यात त्यांचे काही चुकले नाही.

व्हॉट्सॲपचा उपयोग मी नाकारत नाही. खंबाटकीत फॅनबेल्ट तुटला तर तासाभरात शिरवळहून कोणी तरी बेल्ट घेऊन येते, हे वहीला कधी जमले नसते. पण रस्त्यावरची मदत आणि पुढच्यासाठी जपलेले ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समूहावर नव्याने आलेल्याला जुने काही दिसत नाही. आवाजी संदेशात शब्द शोधता येत नाही. मोबाइल बदलला की वर्षांचे संचित पुसले जाते. आणि समूहाबाहेरच्या माणसाला तर तिथे काही आहे हेच कळत नाही. आज आपल्या समूहांवर जितके जाणते लोक आहेत तितके आमच्या मंडळात कधीच नव्हते, आणि तरीही दर उन्हाळ्यात तेच पाच प्रश्न नव्याने विचारले जातात.

ही गोष्ट आताच का मांडावीशी वाटली, तेही सांगते. गेल्या काही वर्षांत आपल्या गाड्यांभोवतीची परिस्थिती पार बदलली आहे. मुंबईतील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी हे आपल्या सुट्या भागांच्या बाजाराचे खरे बळ होते. खासगी मालक वर्षाकाठी एखादा बुश (सांध्यात बसणारी, झिजणारी नळकांडी) घेई. टॅक्सीवाल्यांना ते रोज लागत, म्हणून ऑपेरा हाउसच्या आणि कुर्ल्याच्या दुकानदारांना माल ठेवणे परवडत असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा पूर्ण होऊन २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. बातम्या आल्या, अनेकांनी हळहळ व्यक्त केली, पण दुकानदाराने भाग मागवणे थांबवले याची बातमी झाली नाही. यापुढे किंगपिनचे बुश, गिअरच्या दांड्यांची लिंक, पंपाचे डायफ्रॅम हे आपल्याला करून घ्यावे लागतील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते करून देणारे हात आहेत. लेथवरचा कारागीर काहीही घडवून देईल, पण तो पहिला प्रश्न विचारतो तो मापाचा. झिजलेल्या बुशचे माप घेऊन नवा बुश केला तर तो झिजलेलाच होतो. मूळ माप कोणाच्या तरी कपाटात, कोणाच्या तरी डोक्यात किंवा पुसल्या गेलेल्या एखाद्या धाग्यात आहे.

दुसरी गोष्ट इंधनाची. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता २० टक्क्यांवर गेले आहे. या मिश्रणाचे धोरण बरे की वाईट, हा या पत्राचा विषय नाही. आपल्या गाड्यांच्या नळ्या, गॅस्केट आणि डायफ्रॅम यांचे जुने रबर या इंधनासाठी बनलेले नव्हते, आणि जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग बदलावे लागू शकतात हे सरकारनेही मान्य केले आहे. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंजही लवकर धरतो. साताऱ्याच्या त्या मुलाचा डायफ्रॅम याच कारणाने गेला की वयाने, हे मी सांगू शकत नाही. पण कोणत्या रबराची नळी टिकली, किती दिवसांनी तडे गेले, टाकी रिकामी ठेवावी की भरलेली, याचे अनुभव आज शेकडो मालक एकाच वेळी घेत आहेत. ते कुठेही एकत्र लिहिले जात नाहीत, म्हणून प्रत्येक जण आपल्या गाडीवर तोच प्रयोग पुन्हा करतो आहे.

तिसरी गोष्ट नोंदणीची. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्यांना ती नोंदणी हवी असेल त्यांच्यासाठी कळीची अट ही, की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता कुठे या वयात आल्या आहेत. आमची १९७८ ची गाडी २०२८ मध्ये तिथे पोहोचेल. अशा वेळी मूळ काय होते हे कोण सांगणार? कोणत्या सालापासून पुढची जाळी बदलली, कोणत्या वर्षी कोणता रंग मिळत होता, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर कधी आला, याची उत्तरे कंपनीच्या पुस्तिकांपेक्षा मालकांच्या नोंदींत अधिक आहेत, आणि त्या नोंदी आपण हातातून जाऊ देत आहोत.

समूहांच्या चालकांना माझी विनंती आहे ती एवढीच, की उत्तर मिळालेल्या प्रत्येक प्रश्नाचे टिपण करून ते समूहाबाहेर, कोणालाही वाचता येईल आणि शोधता येईल अशा जागी ठेवण्याची पद्धत पाडावी. त्यासाठी मोठे संकेतस्थळ लागत नाही. महिन्याला एका सदस्याने पाळी घेतली तरी पुरे. प्रश्न, छायाचित्र, उत्तर, कोणी करून पाहिले आणि काय झाले. छायाचित्रे दुसऱ्याच्या फुकट सेवेवर टांगून ठेवू नयेत. एक प्रत मंडळाच्या स्वतःच्या डिस्कवर असावी. आणि हे मराठीत असावे. मिस्त्री ज्या शब्दांत बोलतात, ‘गाडी मिसिंग मारते’, ‘गिअर अडकतो’, ‘क्लच धरत नाही’, त्याच शब्दांत तक्रार लिहिली तर ती शोधणाऱ्याला सापडेल.

मिस्त्रींविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. आमच्या वहीतील निम्म्या नोंदींत ‘काम कोणी केले’ या रकान्यात नाना पेठेतल्या एकाच मिस्त्रींचे नाव आहे. ते स्वतः कधी वहीत लिहीत नसत. आम्ही विचारायचो आणि ते सांगायचे. दांड्यावरचा गिअर अडकला की ते जोर लावू देत नसत. बॉनेट उघडून खाली वाकत, दोन्ही लिव्हर बोटांनी एका रेषेत आणत आणि मला म्हणत, ‘ताई, आता टाका पहिला.’ तो आता सहज पडे. त्यांच्या मुलाने हा धंदा घेतला नाही. अशी माणसे अजून कुर्ल्यात, नाना पेठेत, सांगलीत, नागपुरात आहेत आणि बहुतेकांची सत्तरी उलटली आहे. ज्येष्ठ सदस्यांनी एखादी दुपार काढून त्यांच्याजवळ बसावे, त्यांचे हात चालताना चित्रित करावेत आणि त्यांचे नाव त्या कामाला लावावे. आपली विद्या मूळची त्यांची आहे.

काही सदस्यांचे म्हणणे मी ऐकले आहे की, इतक्या कष्टाने मिळवलेली माहिती सगळ्यांसाठी उघडी टाकली तर भंगारवाले आणि दलाल तिचा फायदा घेतील, भागांचे भाव चढतील. ही भीती अगदीच निराधार नाही. पण भाव तर आताही चढलेलेच आहेत, आणि माहिती दडवल्याने दलालाचे काही अडत नाही. अडते ते साताऱ्याच्या मुलाचे. हल्लीच्या मेळाव्यांत सुंदर रंगवलेल्या गाड्या ट्रेलरवरून येतात, बक्षिसे मिळतात, छायाचित्रे होतात, आणि बहुतेकांची बॉनेट दिवसभर बंद असतात. मेळावे जरूर व्हावेत. पण वर्षातून एकदा सजून भेटण्यापेक्षा महिन्यातून एकदा ग्रीसच्या हातांनी भेटणे मला अधिक मोलाचे वाटते, आणि ते पुन्हा सुरू करता येईल.

माझ्याकडे वडिलांच्या तीन वह्या आहेत. १९८३ ते १९९८ या काळातील नोंदींची पाने मी स्कॅन करून घेतली आहेत. काही ठिकाणी ऑइलच्या डागांमुळे अक्षर पुसट आहे, ते वाचून देणारे कोणी जुने सदस्य मला हवे आहेत. ज्यांनी त्या नोंदी केल्या त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची संमती घेऊन ती पाने सर्वांसाठी खुली करायची माझी इच्छा आहे. आपल्याकडेही अशा वह्या, मंडळांची पत्रके, मापांचे कागद किंवा जुन्या मंचांवरून उतरवून घेतलेली पाने असतील, तर मूळ देऊ नका, केवळ छायाप्रत द्या.

साताऱ्याच्या त्या तरुणाशी मी नंतर बोलले. मूळ पंप त्याने भंगारात घातलेला नाही; बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून मागच्या सीटखाली ठेवला आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता तो गाडी घेऊन पुण्यात येणार आहे आणि मी वही घेऊन जाणार आहे. नव्या डायफ्रॅमचे एक किट मिळाले आहे, पण पंप उघडून तो बसवण्याचा माझा हात आता राहिलेला नाही. आपल्यापैकी ज्यांचा आहे, त्यांनी त्या सकाळी यावे आणि येणार असल्यास समूहावर कळवावे.

आपली नम्र,
एक पद्मिनीधारक, पुणे